काला अंब आणि चिंतेची मोजणी

दिल्लीतला मराठी माणूस पानिपतला जातो तो बहुधा संक्रांतीच्या दिवशी. १४ जानेवारीला काला अंब येथे चांगलीच गर्दी असते. मी गर्दी टाळून आडदिवशी गेलो. रक्ताने भिजून काळवंडला अशी आख्यायिका असलेला तो आंबा आता नाही. त्याच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. तेथील बाकावर बसून मी बरोबर आणलेला राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल वाचत होतो. सरकारी नोकराचे पर्यटन असेच असते. असो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत हे सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नाही आणि मी बसलो होतो तो हरियाणाही नाही. 'हल्ली चिंता फार वाढली आहे' असे आपण सहज म्हणतो. पण हल्ली म्हणजे कधीपासून? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये चिंताविकारांची वर्गवारीच बदलली, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका मापाचे राहिले नाहीत. शिवाय पूर्वी जे घरातच दाबले जाई, ते आता लोक डॉक्टरांना सांगतात. वाढलेल्या आकड्यात दुखणे किती आणि बोलणे किती, हे वेगळे काढणे कठीण.

मग १७६१ ची चिंता कशी मोजावी? पेशवे दफ्तरात घोडी, बारदाने, कर्ज यांचा हिशेब आहे. चिंतेचा रकाना नाही. तरी खुणा आहेत. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली आणि वेढलेल्या छावणीतून पत्रे बाहेर पडणे अवघड झाले. नानासाहेब पेशवे स्वतः उत्तरेकडे निघाले होते. लढाईनंतर सुमारे दहा दिवसांनी, भेलशाजवळ, त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले. मोती, मोहरा आणि रुपये गमावल्याची ती सांकेतिक भाषा प्रसिद्धच आहे. त्यात मोठ्यांच्या मृत्यूची सूचना होती. मात्र खुर्दा किती गेला याची गणती नव्हती. माझ्या मते महाराष्ट्राची खरी चिंता त्या खुर्द्यात होती. मोत्यांची बातमी लागली. शिलेदाराच्या, बुणग्याच्या घरी कोण सांगणार? दुःखाला सुतक असते, तेरावा असतो. वाट पाहण्याला तिथी नसते.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. सदाशिवरावभाऊंच्या देहावर अंत्यसंस्कार झाल्याचे सांगितले गेले, तरी पुण्यात सर्वांची खात्री पटली नाही. रणातून परतलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही; १७८३ मध्ये त्या गेल्या त्या सौभाग्यचिन्हांसह. मध्यंतरी भाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्याच्यामागे माणसे गेली. चौकशी होऊन १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. लढाईला पंधरा वर्षे होऊनही एक तोतया फौज जमवू शकतो, यावरून अनिश्चिततेचे प्रमाण कळते. मला तरी त्या काळाचा याहून बोलका आकडा सापडला नाही.

परमुलखातल्या वाचकांना हे विस्ताराने सांगायला नको. रात्री दोनला गावाकडचा फोन वाजला की, तो उचलेपर्यंतचे चार क्षण आपल्याला ठाऊक आहेत. २०२० मध्ये तर ते क्षण महिनोन्‌महिने लांबले. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले.

त्या दिवसांत काही काळ माझ्याकडे एका नियंत्रण कक्षाचे काम होते. नोंदवहीत रकाने होते: खाट, प्राणवायू, रुग्णवाहिका, धान्य. पुष्कळ फोन यांपैकी कशासाठीच नसत. 'वडिलांना नेले त्याला चार दिवस झाले, ते कोठे आहेत एवढेच सांगा,' असे लोक विचारीत. त्याला रकाना नव्हता. आमच्या कारकुनाने पहिले दोन दिवस ते 'इतर'मध्ये लिहिले. तिसऱ्या दिवशी 'इतर'चे पान भरले तेव्हा त्याने स्वतःच पट्टी घेऊन नवा रकाना आखला आणि वर लिहिले, 'ठावठिकाणा'.