पोलादी गोळीचा पहारा

यंत्रांच्या इतिहासात ज्या शोधांनी मनुष्याला गती दिली त्यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. ज्यांनी नेमक्या क्षणी ती गती थांबविली त्यांची वास्तपुस्त फारसे कोणी करीत नाही. आडवाटेने, खडकाळ रानातून जाणाऱ्या अनेक मोटारींत मुठीत मावेल एवढी एक डबी बसविलेली असते. अपघात होताच इंधनाचा पुरवठा तोडावयाचा, एवढेच तिचे काम. ही डबी मोटारीत का आली आणि ती निकामी झाल्यावर तिच्या जागी नवीच का बसवावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात नावाजलेल्या विलीस जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच होती. आज हे धाडसाचे वाटेल. परंतु त्या गाडीत एक सुरक्षितता आपोआपच साधली होती. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चाले. इंजिन थांबले की पंपही थांबे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने पुढे याच जीपची जुळणी भारतात सुरू केली, तेव्हा आपल्याकडील मिस्त्र्यांच्याही हाती हा साधा पंप आला. त्यासाठी निराळ्या पहारेकऱ्याची गरज नव्हती.

इंग्लंडमधील रोव्हर कंपनीने जीपवरूनच स्फूर्ती घेऊन ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आपली लँड रोव्हर मांडली. १९७० साली त्याच घराण्यात रेंज रोव्हर जन्मली आणि १९८५ मध्ये तिच्या इंजिनात कार्बुरेटरऐवजी पेट्रोलचे फवारे सोडणारी योजना आली. फवाऱ्याला मोठा दाब लागतो. जुन्या पंपाचा दाब दर चौरस इंचास चारपाच पौंडांचा, तर येथे तो पस्तीस पौंडांच्या घरात गेला. त्यासाठी विजेचा पंप आवश्यक झाला. आणि तेथेच इंजिन व पंप यांचे जुने नाते तुटले. गाडी उलटली, नळी फुटली, तरी वीज मिळते तोवर असा पंप पेट्रोल ओतीत राहू शकतो. आघातातून वाचलेला प्रवासी नंतरच्या आगीत सापडावा, याहून दुर्दैव ते कोणते? अमेरिकेने १९६६ साली मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा केला आणि १९६८ पासून लागू झालेल्या पहिल्या नियमांतच इंधनव्यवस्थेचा समावेश केला, तो याच भयामुळे.

तुटलेले नाते पुन्हा जोडले ते एका पोलादी गोळीने. न्यूटनने १६८७ साली ग्रंथरूपाने मांडलेला जडत्वाचा नियम या डबीत राबतो. आत शंकूच्या आकाराची एक वाटी असते. तिच्या तळाशी चुंबक गोळीला धरून ठेवतो. गाडी एकाएकी आदळली की गोळी आपल्या पूर्वीच्या गतीने पुढे जाऊ पाहते, चुंबकाची पकड सोडून वाटीच्या उतारावर चढते, वरच्या पट्टीवर आपटते आणि पंपाची वीज तोडते. वरचे बटण दाबले म्हणजे गोळी पुन्हा जागेवर बसते.

आडवाटेच्या गाडीत मात्र या गोळीची कसोटी लागते. खड्डा कोणता आणि अपघात कोणता, हे तिने ओळखावयाचे! कधी नुसत्या हादऱ्यानेही खटका पडतो. कधी चिखलपाण्याने आतील जोड गंजतात आणि धक्का नसतानाही इंजिन बंद पडते. अशा वेळी दोन तारा एकमेकींस जोडून डबी कायमची वगळण्याचा मोह होतो. गाडी चालू लागते खरी. पण पहारा उठलेला असतो, आणि ते समजते अपघाताच्या दिवशीच.

नवी डबी बसविणे हे काही अवघड काम नव्हे. प्रथम गळती अथवा पेट्रोलचा वास नाही ना, हे पाहावे. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून जुन्या डबीची जोडणी व स्क्रू काढावेत. नवी डबी त्याच गाडीसाठी ठरविलेली असावी; कारण किती धक्क्याला सुटावयाचे, हे प्रत्येक डबीत आधीच निश्चित केलेले असते. ती मूळच्या जागी, उभी आणि घट्ट बसवावी. तिरपी बसल्यास गोळीचा तोल चुकतो. मग बॅटरी जोडून बटण दाबावे, किल्ली फिरवून पंपाची गुणगुण ऐकावी, नळ्या पुन्हा तपासाव्यात आणि मगच इंजिन सुरू करावे.

अलीकडच्या अनेक गाड्यांत हे काम हवेच्या उशा फुगविणाऱ्या विद्युत्-यंत्रणेकडे गेले आहे. तथापि जुन्या गाड्या अजून रानवाटा तुडवीत आहेत, आणि त्यांचा भार या गोळीवरच आहे. तिचे बटण हाताने दाबावे लागते, त्यातही अर्थ आहे: चालकाने खाली उतरावे, गाडीखाली वाकून पाहावे आणि मगच पुढे जावे. तारा जोडून टाकणारा मनुष्य पाच मिनिटांचा खोळंबा वाचवितो. परंतु तीच पाच मिनिटे ठिणगी आणि पेट्रोल यांच्यामध्ये उभी असतात.