रुंद टायर, पण किती रुंद?

सुटीच्या दिवशी स्पोर्ट्स कार घेऊन रेसिंग ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी चालकाला पहिला बदल सुचतो तो टायरचा. कंपनीने दिलेले टायर त्याला अरुंद वाटू लागतात आणि रुंद टायर म्हणजे अधिक पकड हे समीकरण मनात पक्के बसते. हे समीकरण चुकीचे नाही, अपुरे मात्र आहे. त्यातले जे राहून जाते, त्याची किंमत वेगवान वळणावर मोजावी लागते.

या विषयात टोयोटाची ‘८६’ ही मोटार फार बोलकी आहे. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून विकसित केलेली ही दोन दारांची गाडी २०१२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. दोन लिटरचे बॉक्सर इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि अवघे १,२४० किलोच्या आसपास वजन, असा तिचा थाट होता. टायर मात्र २१५/४५ आर १७ या बेताच्या मापाचे, मिशेलिन प्रायमसी एचपी जातीचे. इंधन वाचवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रियसच्या काही आवृत्त्यांवरही हेच टायर असत, यावरून त्या काळी बरीच थट्टा झाली. ही कंजुषी नव्हती. मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांच्या चमूला गाडीचा तोल सामान्य चालकालाही, माफक वेगात, अनुभवता यावा असे वाटत होते. पकड जाणूनबुजून मर्यादित ठेवली होती. ट्रॅकवर जाणाऱ्या मालकांनी साहजिकच रुंद टायर शोधायला सुरुवात केली.

रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग मोठा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. थोडा हिशेब करून पाहावा. १,२४० किलोचा भार चार चाकांवर सारखा वाटला, तर प्रत्येकावर ३१० किलो येतात. हवेचा दाब ३५ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २.४६ किलो. भागाकार येतो सुमारे १२६ चौरस सेंटीमीटर, साधारण एका पोस्टकार्डाएवढा. रुंद टायरमध्ये तेवढीच हवा भरली, तर हे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. त्याचा आकार फक्त अधिक रुंद आणि आखूड होतो. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

मग पकड वाढते कशाने? रुंद टायर तोच भार कमी हवेवर पेलू शकतो, आणि हवा कमी केली की टेकणारा भाग खरोखर मोठा होतो. रबरावरचा दाब जसा वाढतो तसे त्याचे घर्षण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. वळणावर बाहेरच्या चाकांवर गाडीचा बराचसा भार कलंडतो, तेव्हा हा फरक ठळकपणे जाणवतो. दुसरी बाब उष्णतेची. ट्रॅकवर सलग वीस मिनिटे पळताना अरुंद टायर तापून निसरडा होतो. रुंद टायरमध्ये हेच काम अधिक रबरात वाटले जाते. तरीही सर्वांत मोठा फरक रुंदीचा नसून रबराच्या जातीचा असतो. टायरच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ नावाचा अंक छापलेला असतो. तो जेवढा लहान, तेवढे रबर साधारणपणे मऊ आणि लवकर झिजणारे. अमेरिकेतील अनेक हौशी स्पर्धांत २०० ही किमान मर्यादा मानली जाते. मूळ मापातच या जातीचा टायर घातला, तरी ‘८६’ची वळणावरची वागणूक पार बदलते. रुंदीवर पैसे खर्च करण्याआधी हा प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे.

रुंदी वाढवायचीच असेल, तर आधी रिमकडे पाहावे लागते. ‘८६’ची मूळ रिम सात इंच रुंद. तिच्यावर २२५चा टायर चालून जातो. २४५चा टायर मात्र तिच्यावर फुग्यासारखा चेपला जातो, त्याच्या भिंती आत वळतात आणि स्टिअरिंगला सुस्त प्रतिसाद मिळतो. त्याला आठ ते साडेनऊ इंची रिम हवी. येथे ‘ऑफसेट’ हा आकडा महत्त्वाचा ठरतो. रिमच्या मध्यरेषेपासून ती जेथे हबला बसते, तेथपर्यंतचे हे अंतर. मूळ रिमचा ऑफसेट ४८ मिलिमीटर आहे. तिच्या जागी नऊ इंची, ४५ ऑफसेटची रिम घातली, तर आतली कड सुमारे २२ मिलिमीटर सस्पेन्शनकडे सरकते आणि बाहेरची कड सुमारे २८ मिलिमीटर मडगार्डकडे. उभ्या गाडीत सगळे छान बसलेले दिसते. स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात चाक गेले की मगच घासण्याचा आवाज येतो.

व्यासाचाही विचार हवा. २१५/४५ आर १७चा व्यास ६२५ मिलिमीटर, २४५/४० आर १७चा ६२८, फरक नगण्य. हौसेने १८ इंची रिमवर २३५/४० घातला, तर व्यास ६४५ होतो, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक वाढ. प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, वेग पकडायला उशीर लागतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. आधीच माफक शक्तीच्या इंजिनावर हा भुर्दंडच. शिवाय चाकाच्या कडेला वाढलेले वजन फिरवायलाही शक्ती लागते.

फक्त मागचे टायर रुंद करण्याचा मोह तर निश्चितच टाळावा. मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ला ती व्यवस्था शोभते. ‘८६’सारख्या समतोल गाडीत मात्र पुढची चाके आधी घसरू लागतात आणि वळण बाहेरच्या बाजूला पसरत जाते.

पकड वाढली की तिचा ताण इतरत्र जातो. लांब वळणावर इंजिनातले तेल तळाच्या एका बाजूला जाऊन साठते आणि पंपाला अपुरे पडू शकते. बेअरिंग आणि ब्रेक यांनाही अधिक राबावे लागते. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. सर्वांत गंभीर बाब मात्र वेगळी आहे. अरुंद टायर ताशी ८० किलोमीटरला घसरण्याची चाहूल देत असेल, तर रुंद आणि चिकट टायर ती बऱ्याच अधिक वेगाला देतो, आणि अनेकदा अगदी आयत्या वेळी. चूक तीच असते, पण सावरायला जागा उरलेली नसते.

रुंदी योग्य आहे की नाही, हे ट्रॅकवरून उतरताच टायरचे तापमान सांगते. सुई रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असे तीन आकडे घ्यावेत. मध्य अधिक तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी. फक्त बाहेरची कड भाजत असेल, तर चाकाला आतल्या बाजूने आणखी कल द्यावा लागतो. ट्रॅकवर पुढच्या चाकांना दोन ते तीन अंशांचा असा कल सर्रास ठेवतात. पूर्ण पृष्ठभागच थंड राहत असेल, तर टायर या गाडीला झेपण्यापेक्षा रुंद आहे.

२०२१ मध्ये या गाडीची दुसरी पिढी आली. इंजिन २.४ लिटरचे झाले, जपानी आवृत्तीत शक्ती २३५ पीएस झाली आणि वरच्या श्रेणीत १८ इंची रिमवर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे कितीतरी अधिक पकडीचे टायर आले. त्यांची रुंदी कंपनीने २१५च ठेवली.