काचपट, फिल्म आणि खानदेशचा उन्हाळा

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव हे स्थानक लागते. धुळ्यास जाणारा फाटा येथूनच फुटतो. मूळचा एकच असलेला खानदेश १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला आणि पुढे त्यांचे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबारही निराळा निघाला. या चाळीसगावी, स्थानकापासून जवळच, एक दगडी घर आहे. केकी मूस या पारशी कलावंताने आपल्या आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे या घराच्या भिंतींआड काढली.

मूस यांचा जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. इंग्लंडात कलेचे शिक्षण घेऊन १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावी परतले आणि मग ३१ डिसेंबर १९८९ रोजी मृत्यू येईपर्यंत घराबाहेर क्वचितच पडले. याचे कारण म्हणून एक कथा सांगतात. त्यांच्या प्रेयसीने मुंबईस निरोप देताना ‘एके दिवशी पंजाब मेलने येईन’ असे वचन दिले होते. म्हणून त्या गाडीच्या वेळी हा गृहस्थ रोज रात्री दारे उघडून, दिवे लावून बसे! पंजाब मेलही १९१२ सालीच सुरू झाली, हा एक योगायोगच. कथा खरी असो वा लोकांनी वाढविलेली असो, तिने एक अन्याय मात्र खचित केला आहे. मूस यांची प्रतीक्षा सर्वांस ठाऊक असते. त्यांची छायाचित्रे पाहिलेला मनुष्य मात्र दहांत एखादा निघेल.

त्यांची कीर्ती झाली ती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणामुळे. मेजावर हाताएवढ्या जागेत लहानसहान वस्तूंची मांडणी करावयाची, दिव्याचा प्रकाश हवा तसा वळवावयाचा, आणि छायाचित्रात मात्र विस्तीर्ण माळ, बर्फाळ रान किंवा सागरतीर उभे करावयाचे, असा हा प्रकार असतो. घर न सोडणाऱ्या माणसास याहून अनुरूप कला कोणती सापडणार? यात कॅमेऱ्याची कळ दाबणे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे काम. आरंभीचे तास मांडणीत जातात. कळ दाबल्यावरही काय साधले हे लगेच दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्ह धुऊन, वाळवून, तीवरून कागदावर ठसा उमटेपर्यंत थांबावे लागते. मूस यांनी ज्या काळात काम केले त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. आज दुसरा, सोपा मार्ग हाताशी असता काही माणसे हा जुना मार्ग हौसेने धरतात. ती काय धरून बसली आहेत, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

खानदेशच्या सीमेवर कॅमेरा आला तो अजिंठ्याच्या निमित्ताने. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यास ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यास नेमले. अजिंठा निजामाच्या मुलुखात. पण तेथील घाट उतरला की खानदेशचे मैदान सुरू होते. गिलने वर्षानुवर्षे खपून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला उतरविल्या. त्या लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ साली तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांच्या साह्याने नव्या नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या ललाटी अग्नीच लिहिलेला होता की काय, असे वाटू लागते.

वाचली ती छायाचित्रे. गिलने १८५६ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला होता आणि त्याने टिपलेल्या चौऱ्याहत्तर छायाचित्रांसह फर्ग्युसन या पंडिताचा भारतीय लेण्यांवरील ग्रंथ १८६४ साली, म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाला होता. तैलचित्र एकच असते. ते जळाले की गेले. एका निगेटिव्हवरून मात्र अनेक ठसे निघतात व देशोदेशी पांगतात. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

त्या काळची छायाचित्रणाची रीत आजच्या वाचकास अचंबा वाटण्याजोगी आहे. आर्चर या इंग्रजाने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची, आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन तिथल्या तिथे धुवावयाची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कलोडियनमध्ये ईथर असते, आणि ते उन्हात भराभर उडून जाते. तेव्हा उन्हाळ्यात ही दहा मिनिटेही पुरती हाती लागत नसत. पुढे १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनचा कोरडा थर सुचविला, १८८८ मध्ये ईस्टमनने गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, आणि छायाचित्रकाराची पाठीवरची प्रयोगशाळा उतरली.

परंतु उन्हाने पिच्छा सोडला नाही. जिलेटिन हा पदार्थ उष्ण पाण्यात फुगतो, मऊ होतो, प्रसंगी फिल्मवरून सुटूही लागतो. फिल्म धुण्याचे पुस्तकी तापमान वीस अंशांचे. आणि जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात! उष्ण मुलखांत यावर ठरलेले उपाय असत. काम रात्री करावे, तबकांभोवती बर्फ ठेवावा, थर घट्ट व्हावा म्हणून द्रावात तुरटी घालावी. लाल दिव्याच्या उजेडात, पंखाही न लावता चाललेले हे काम म्हणजे एक तपश्चर्याच होती.

पुढे घरोघरी आग्फा क्लिक थ्रीसारखे साधे पेटीवजा कॅमेरे आले. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. तेव्हा बाराव्याचा विचार पहिल्यापासून करावा लागे. देशातच फिल्म तयार व्हावी म्हणून १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची ‘इंदू’ फिल्म अनेकांस आठवत असेल. तो कारखाना पुढे आजारी ठरून बंद पडला. ज्या कोडॅकच्या सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तीच कोडॅक कंपनी डिजिटलच्या लाटेत २०१२ साली दिवाळखोरीत गेली. सॅसनच्या त्या यंत्रास एक चित्र कॅसेटवर नोंदण्यास तेवीस सेकंद लागत, आणि ते चित्रही अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे असे. त्याचे पुढे काय झाले हे प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी सांगतो.

डिजिटल कॅमेऱ्याची निंदा करणे हा कृतघ्नपणा ठरेल. अंधाऱ्या लेण्यात, पाळण्यातील मुलाजवळ, लग्नाच्या धांदलीत तो जे करतो ते फिल्मला साधत नाही. फिल्मच्या कैवाऱ्यांपैकी काहींचा आविर्भावही हास्यास्पद असतो: महागडा रोल घ्यावयाचा, तो धुवावयाचा, आणि मग संगणकात घालून जगास दाखवावयाचा! तरीही इंग्लंडातील इलफर्डची काळी-पांढरी फिल्म आजही निघते, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला. तेव्हा ही केवळ म्हाताऱ्यांची हळहळ आहे असे म्हणता येत नाही. फिल्मवर काम करणाऱ्याच्या हाती एक वस्तू उरते. ती उजेडासमोर धरली की विजेवाचून, यंत्रावाचून दिसते. वीस वर्षांपूर्वी तबकडीवर साठविलेली लग्नाची छायाचित्रे आज उघडण्यास किती घरांत साधन आहे? त्याच घराच्या कपाटातील आजोबांची निगेटिव्ह मात्र अजून ठसा देते.

अर्थात ती धड असली तर! खरी चिंता येथे आहे. डार्करूम बंद झाल्यावर गावोगावच्या स्टुडिओंतील निगेटिव्हचे गठ्ठे चांदी काढणाऱ्यांस विकले गेले. काचपट पुसून चौकटीस बसविले गेले. जे घरांत राहिले त्यांतील जुन्या ॲसिटेट फिल्मला उष्णतेने आणि दमटपणाने व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, ती आक्रसते, आणि थर सुरकुततो. एकदा सुरू झालेला हा रोग थांबत नाही, केवळ मंदावतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तो झपाट्याने पसरतो. वास येणारी पाकिटे इतरांपासून निराळी काढावी, प्लॅस्टिकमधून कागदी पाकिटांत घालावी, आणि घरातील तळमजल्याच्या थंड, कोरड्या खोलीत ठेवावी. ज्यांस ठसे काढून घेणे शक्य आहे त्यांनी ते याच हिवाळ्यात घ्यावे.

नव्याने फिल्म वापरू पाहणाऱ्यास खानदेशात रंगीत रोल बहुधा मुंबई-पुण्यासच धाडावा लागतो. काळी-पांढरी फिल्म मात्र घरी धुता येते. रात्रीची वेळ आणि माठाचे पाणी असले म्हणजे बर्फावाचूनही निभते. पाणी चोवीस अंशांचे भरले तर दहा मिनिटांचे काम सुमारे सात मिनिटांत उरकावे, आणि पुढचे सारे द्राव व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे ठेवावे, म्हणजे थर फाटत नाही.