राजधानी दूर गेली तेव्हा

१९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पांढुर्णा व सौंसर येथील तरुणास शिक्षण, नोकरी आणि बाजारपेठ यांची वाट एकच असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठीभाषी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. संत्री आजही नागपूरकडे जातात. सरकारी नोकरीचा अर्ज भोपाळकडे, तोही हिंदीतून. घरी मराठी बोलणारा माझा विद्यार्थी मराठी पत्र लिहिताना अडखळतो, ह्यात दोष त्याचा खासच नव्हे. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. कचेरी तरी जवळ आली, असे मुले समाधानाने म्हणतात. पदवी मिळताच गाडी धरतात, ती मात्र नागपूरची.