बिऱ्हाडकरूचं नाव सगळ्या कुळाला

पॉलिन्यूक्लिओबॅक्टर हे जीवाणू जगभरच्या तळ्याडबक्यांत, गोड्या पाण्यात मोकळे तरंगत असतात. पण या कुळाला नाव मिळालं ते अशा एका नातेवाइकामुळे, ज्याला दुसऱ्याच्या पेशीबाहेर जगताच येत नाही. हे कळल्यापासून या कुळाचा नाद मला सुटलेला नाही.

जर्मनीतल्या म्युन्स्टरचे क्लाउस हेकमान युप्लोटिस या एकपेशीय प्राण्याचा अभ्यास करत होते. त्याच्या पेशीत बारीक कण दिसत. पेनिसिलिन दिलं की ते कण नाहीसे होत, आणि मागोमाग युप्लोटिसही मरे. हे कण म्हणजे जीवाणू. १९८७ मध्ये हेकमान आणि श्मिट यांनी त्यांचं नाव ठेवलं पॉलिन्यूक्लिओबॅक्टर नेसेसेरियस. यजमानाला हवाच असा, म्हणून नेसेसेरियस.

पुढे जीवाणूंची ओळख १६एस जनुकावरून पटवायची रीत रूढ झाली. तळ्यांतल्या मोकळ्या जीवाणूंचं हे जनुक वाचलं, तर ते या बिऱ्हाडकरूच्या जनुकाशी ९९ टक्क्यांहून जास्त जुळलं! ऑस्ट्रियातल्या मोंडसे इथे मार्टिन हान यांनी असे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवलेही. २००९ मध्ये तोडगा निघाला: जात एकच, पोटजाती दोन. मोकळ्या राहणाऱ्याची पोटजात असिम्बायोटिकस.

हा तोडगा मला कधीच पटला नाही. १६एस जनुक जेमतेम दीड हजार अक्षरांचं, आणि बदलतं अतिशय सावकाश. ताज्या भाऊबंदक्या त्यात उमटतच नाहीत. सबंध जीनोम वाचल्यावर चित्र पालटलं. मोकळ्या जीवाणूचा जीनोम सुमारे २२ लाख अक्षरांचा, बिऱ्हाडकरूचा सुमारे १६ लाखांचा, आणि त्यातलीही कितीतरी जनुकं मोडकळीला आलेली. दोन जीनोमांतलं सरासरी साम्य ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तरच जात एक धरायची, असा संकेत आहे. इथे साम्य तेवढं भरलं नाही, म्हणून २०१६ मध्ये हान आणि सहकाऱ्यांनीच मोकळ्या जीवाणूंना वेगळं काढलं. असिम्बायोटिकसला जातीचा मान मिळाला. ड्युराक्वी, यांग्त्झेन्सिस, सायनेन्सिस या जाती नव्याने नोंदल्या गेल्या.

खरा वाद मात्र पुढचा आहे. युप्लोटिसने हा जीवाणू एकदाच पोटी घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, असं मानणं सोपं होतं. २०१७ मध्ये व्हित्तोरिओ बोस्कारो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या युप्लोटिसांतले बिऱ्हाडकरू तपासले, तेव्हा ते निरनिराळ्या मोकळ्या पूर्वजांपासून स्वतंत्रपणे आल्याचं दिसलं. मग सगळ्या यजमानांना यांच्यावाचून जगता का येऊ नये? माझं ठाम मत असं, की ही गरज पॉलिन्यूक्लिओबॅक्टर येण्याआधीची आहे. काही युप्लोटिसांत आजही त्याच्या जागी प्रोटिस्टोबॅक्टर हा दुसराच जीवाणू नांदतो. जुना बिऱ्हाडकरू मला तोच वाटतो. त्याच्या जातीला हेकमान यांचं नाव दिलेलं आहे.