वसाहतकालीन वास्तुछायाचित्रांचे वाचन

इंग्रजी अमलात पुणे-मुंबईत उभ्या राहिलेल्या युरोपीय धाटणीच्या इमारतींची छायाचित्रे अभ्यासण्याची पद्धत. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढील दशकांत सरकारी इमारती हा छायाचित्रकारांचा आवडता विषय ठरला.

पुण्याचे गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउस (बांधकाम १८६४–७१, वास्तुकार जेम्स ट्रबशॉ, आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत) हे ठळक उदाहरण. मनोरा आणि कमानी इटालियन वळणाच्या. तरीही नजर आधी खोल व्हरांड्याच्या सावलीवर ठेवावी, कारण तिथे पुण्याचे ऊन बोलते. अशा जुन्या चित्रांत आवार बरेचदा निर्मनुष्य दिसते. त्यावरून साहेबाच्या एकांतप्रियतेचे निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या काळच्या ओल्या कलोडियन काचेवर (रसायनाचा ओला थर दिलेली छायाचित्राची काच) प्रकाश कित्येक सेकंद पडू द्यावा लागे; चालता माळी, पट्टेवाला पुसला जाई किंवा धूसर डाग होऊन उरे. ही काच निळ्या रंगाला फार संवेदनशील, म्हणून आकाश कोरे पांढरे येई आणि झाडी काळवंडे.

कालनिश्चितीसाठी शेजारच्या वास्तू उपयोगी पडतात. मुंबईच्या चित्रात राजाबाई मनोरा अपुरा असेल तर ते १८७८ पूर्वीचे. विजेची ट्राम दिसली तर १९०७ किंवा नंतरचे. पाठीमागे लिहिलेल्या सालावर मात्र विसंबू नये: स्टुडिओ जुन्या काचेवरून वर्षानुवर्षे प्रती काढून विकत. चौकटीबाहेर काय ठेवले, हेही तपासावे. नोकरांच्या चाळी क्वचितच आत येतात.