कुरुविंद, कार्बोरंडम आणि निसरडी जमीन

पाय घसरू नये म्हणून कारखान्यांच्या जमिनींना, जिन्यांच्या पायऱ्यांना व जहाजांच्या डेकांना जो लेप देतात, त्यांत कठीण पदार्थांचे कण मिसळलेले असतात. त्या कणांची निवड हा अभियंत्याचा विषय खरा. परंतु त्यांच्या नावांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकालाही उद्बोधक वाटेल.

यांपैकी प्रमुख पदार्थ कुरुविंद, म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड होय. संस्कृतात ‘कुरुविंद’ ही संज्ञा माणकाला आहे, तशीच ती नागरमोथ्यालाही आहे. तमिळ ‘कुरुंदम्’ वरून इंग्रजीत ‘कोरंडम’ हा शब्द आला. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी आशियातील या दगडावर लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. मोस यांच्या १८१२ च्या काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान ९ वे, म्हणजे हिऱ्याच्या लगेच खालचे आहे.

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी चिकणमाती व कोळशाची पूड यांच्या मिश्रणातून विद्युत्प्रवाह सोडला असता चकाकणारे अतिकठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन व कुरुविंद यांच्या संयोगाने झाले असावेत, या समजुतीने त्यांनी ‘कार्बोरंडम’ हे नाव योजले. पृथक्करणांती पदार्थ सिलिकॉन कार्बाइड ठरला. नाव मात्र टिकले. १९५४ मध्ये मद्रासला ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ ही कंपनी स्थापन झाली, आणि तमिळ शब्द वेष पालटून स्वगृही परतला.

नावाप्रमाणेच काठिण्याचा अंकही एकटा पुरेसा नसतो. सिलिकॉन कार्बाइड कुरुविंदाहून कठीण, पण अधिक ठिसूळ असते. विमानवाहू नौकांच्या डेकांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरतात. गारगोटीची वाळू स्वस्त असते, तिचे काठिण्य ७. परंतु नदीतील वाळूचे कण झिजून गोलसर झालेले असल्याने त्यांची पकड कमी पडते, आणि तिची सूक्ष्म धूळ श्वासावाटे जात राहिल्यास कामगारास सिलिकोसिस जडतो. कण लेपात पूर्ण बुडाला तर निरुपयोगी ठरतो, पुरेसा रुतला नाही तर उखडतो. स्नानगृहासारख्या ठिकाणी, जेथे पाय अनवाणी असतात, तेथे तीक्ष्ण कण कातडी सोलतात. म्हणून प्लास्टिकचे मऊ कण बरे.

तात्पर्य, पदार्थाचे नाव किंवा काठिण्य विचारण्यापूर्वी, त्या जमिनीवर कोणाचे पाय पडणार आणि तो लेप कोणाचे हात देणार, हे विचारले पाहिजे.